मुंजीच्या साहित्याचा तयार संच : काय घ्यावे, काय टाळावे

पुण्याच्या मध्यवर्ती पेठांतील पूजासाहित्याच्या दुकानांत हल्ली ‘संपूर्ण व्रतबंध संच’ अशा नावाची एक मोठी पेटी मिळते. मुंज ठरलेल्या घरी गुरुजी जी लांबलचक यादी देतात ती हातात घेऊन चार दुकाने पालथी घालण्याऐवजी सगळे एकाच ठिकाणी मिळावे, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती वाईट नाही. भाच्याच्या मुंजीचे साहित्य आणण्याचे काम मामा या नात्याने माझ्याकडे आले, तेव्हा मी अशीच एक पेटी साडेसहा हजार रुपयांना घेतली. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पेटीतील बहुतेक वस्तू ठोक बाजारातून येतात आणि थोड्याफार फरकाने त्याच वस्तू इतर दुकानांच्या पेट्यांतही दिसतात. त्यामुळे हे परीक्षण एका दुकानाचे नसून अशा संचाचे आहे असे समजावे.

माझा निर्णय आधीच सांगून टाकतो. ज्या वस्तू छायाचित्रात उठून दिसतात त्या या पेटीत उत्तम आहेत, आणि ज्या वस्तू हातात देताना किंवा अंगावर बांधताना प्रत्यक्ष मंत्र म्हटला जातो त्या सामान्य, काही तर सरळ चुकीच्या आहेत. मुंजीत हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण या संस्कारात वस्तू केवळ शोभेच्या नसतात. घरी राहून आईच्या हातचे खाणारा मुलगा आजपासून आचार्याच्या घरी राहून वेद शिकणार, अग्नीची सेवा करणार आणि भिक्षा मागून जेवणार, हा बदल मुंजीच्या दिवशी त्याच्या अंगावर एकेक वस्तू चढवून दाखविला जातो. ती वस्तू खोटी असली, तर मंत्र कशाला उद्देशून म्हटला हा प्रश्न उरतोच.

कापडी वस्तूंबद्दल तक्रार नाही. सोवळे शिवलेले असून कमरेला इलॅस्टिक आहे, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला ते दिवसभर सावरत बसावे लागले नाही. लंगोटी, छाटी आणि पंचा चांगल्या सुती कापडाचे आहेत. मुंडावळ्या मोत्यांच्या आणि वजनाला हलक्या आहेत. अंतरपाट तर फारच देखणा निघाला. मुंजीत तो बटू आणि वडील यांच्यामध्ये धरतात, मंगलाष्टके संपेपर्यंत दोन माणसांना तो हातांवर तोलून धरावा लागतो, आणि हा जरीकाम असूनही जड नव्हता. गायत्रीच्या उपदेशाच्या वेळी आई, वडील आणि बटू यांच्यावर घालण्याचे वस्त्र मात्र सॅटिनचे दिले आहे. ते सारखे घसरत होते, आणि वैशाखाच्या दुपारी त्याखाली बसलेल्या तिघांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. घरातला जुना शेला पुरे झाला असता.

आता मेखलेकडे वळतो, कारण पेटीचे पितळ पहिल्यांदा तेथे उघडे पडले. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात ब्राह्मणाची मेखला, म्हणजे कमरेची दोरी, मुंज गवताची, क्षत्रियाची धनुष्याच्या दोरीची आणि वैश्याची लोकरीची सांगितली आहे. मनुस्मृतीने त्यात आणखी तपशील घातला आहे : मेखला तीन पदरी, सारखी वळलेली आणि गुळगुळीत असावी, मुंज मिळाले नाही तर कुश, अश्मंतक किंवा बल्वज या वनस्पतींची चालेल, आणि तिला एक, तीन किंवा पाच गाठी असाव्यात. आपल्याकडे गुरुजी या गाठी घराण्याच्या प्रवरांप्रमाणे, म्हणजे गोत्राबरोबर सांगतात त्या ऋषींच्या संख्येप्रमाणे, मारतात. मेखला बांधताना मुलाला कमरेभोवती तीन वेढे घालतात, म्हणजे दोरी पुरेशी लांब हवी, मऊ हवी आणि तिची गाठ बसली पाहिजे. पेटीतली मेखला तागाची होती, सोनेरी रंगात बुडवलेली होती आणि तिच्या दोन टोकांना चक्क वेल्क्रो शिवलेला होता. एका वेढ्यातच ती संपत असल्याने तीन वेढ्यांचा प्रश्नच नव्हता, आणि वेल्क्रोला गाठ कोणती मारणार? गुरुजींनी ती उलटसुलट करून पाहिली, काही न बोलता आपल्या पिशवीतून दर्भाची वळलेली दोरी काढली आणि तीच बांधली. ‘गुळगुळीत’ ही अट ज्याने घातली त्याला आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या उघड्या कमरेची काळजी असावी असे मला वाटते. तागाची ती दोरी त्या पोराला अर्ध्या तासात ओरबाडून गेली असती.

दंडाची कथा याहून वेगळी नाही. पेटीवर ‘पळसाचा दंड’ असे छापले आहे, पण आत जो आहे तो यंत्रावर गोल केलेला, वार्निश लावलेला आणि वर पितळी टोपी बसवलेला तीन फुटी दांडका आहे. सूत्रात ब्राह्मण बटूचा दंड पळसाचा असून त्याची उंची केसांपर्यंत, क्षत्रियाची कपाळापर्यंत आणि वैश्याची नाकापर्यंत असावी असे म्हटले आहे; म्हणजे तो मुलाच्या अंगावर मापून घ्यायचा असतो. आमचा बटू सव्वाचार फुटांचा. त्याच्या छातीशीही तो दंड जेमतेम पोहोचला. दंड सरळ असावा, त्यावर व्रण नसावेत, तो आगीने भाजलेला नसावा, त्याची साल काढलेली नसावी आणि लोकांना पाहून भीती वाटेल असा तो नसावा, असेही मनुस्मृतीत सांगितले आहे. यातली शेवटची अट मला फार आवडते, आणि पेटीतला दंड निदान तेवढी पाळतो. सालीसकट पळसाची सरळ फांदी मिळवणे पुण्यात अवघड असले तरी अशक्य नाही. गावाकडे कोणी ओळखीचे असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवावे. ते जमले नाही तर साध्या लाकडाची, पण मुलाच्या उंचीची काठी घ्यावी.

पेटीवर ‘वय ८ ते १२ साठी’ असेही लिहिले आहे. आठवे वर्ष हे ब्राह्मणाच्या उपनयनाचे मुख्य वर्ष, क्षत्रियाचे अकरावे आणि वैश्याचे बारावे. उशिराची मर्यादा अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस वर्षांची. ती ओलांडली तर प्रायश्चित्त घेऊन संस्कार करता येतो, आणि त्याचे आपल्याला सर्वांत परिचित असलेले उदाहरण म्हणजे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी गागाभट्टांच्या देखरेखीखाली झालेली शिवाजी महाराजांची मुंज. आजही शाळेच्या परीक्षा, परदेशातील नातेवाईकांच्या सुट्ट्या आणि कार्यालयाच्या तारखा पाहता अनेक मुंजी दहाव्या-बाराव्या वर्षी होतात, तेव्हा एकाच मापाचा संच विकणे हा विक्रेत्याच्या सोयीचा मामला आहे, घेणाऱ्याच्या नव्हे.

जानव्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अशा पेट्यांतील जानवी बहुतेक लोक न पाहताच गुरुजींच्या हाती देतात. जानवे करताना हाताची चार बोटे जुळवून त्यांभोवती सूत शहाण्णव वेळा गुंडाळतात. या मापाला चौआ म्हणतात. मग ते सूत तिहेरी करून पिळतात, पिळलेले पुन्हा तिहेरी करतात आणि ब्रह्मगाठ मारतात. अशा रीतीने तीन पदर आणि प्रत्येक पदरात तीन तंतू असे नऊ तंतू होतात. या नऊ तंतूंवर ओंकार, अग्नी, नाग, सोम, पितर, प्रजापती इत्यादी देवतांचे आवाहन करतात. पेटीतल्या जानव्याचा एक पदर मी उलट पिळून पाहिला, तर त्यात तीन नव्हे, दोनच तंतू निघाले. सूत गिरणीचे असण्याला माझी हरकत नाही, कारण टकळीवर सूत काढणारी माणसे आता किती उरली आहेत हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण तंतू मोजून द्यायला गिरणी आड येत नाही. दुसरी गोष्ट लांबीची. शहाण्णव चौए हे माप घालणाऱ्याच्या हाताचे, म्हणून मोठ्या माणसाच्या हाताने केलेले जानवे लहान मुलाच्या कमरेच्या खूप खाली लोंबते. ते कमरेपर्यंत यावे अशी रीत आहे. पेटीतले जानवे बटूच्या मांडीपर्यंत येत होते आणि होमाजवळ बसताना ते वारंवार आवरावे लागले असते. तिसरी गोष्ट अशी की पेटीत जोड दिला आहे, आणि जोड गृहस्थाने घालायचा असतो. ब्रह्मचाऱ्याला एकच जानवे. दुसरे जानवे श्रावणीला बदलण्यासाठी उपयोगी पडेल असे ताई म्हणाली, आणि तंतू बरोबर असते तर ते पडलेही असते.

याउलट पेठेतच एका वृद्ध गृहस्थांकडे मुलाचे वय सांगितले की त्या मापाचे, हाताने वळलेले जानवे मिळते. त्याची किंमत पेटीच्या हिशोबात नगण्य आहे. जानवे घालताना म्हटला जाणारा ‘यज्ञोपवीतं परमं पवित्रं’ हा मंत्र मुलाला मुंजीच्या आधीच पाठ करून द्यावा. पुढे आयुष्यभर जानवे बदलताना तोच लागतो.

पेटीतल्या एका प्लॅस्टिकच्या पाकिटावर ‘मृगाजिन’ असे लिहिले होते आणि आत केसाळ कातड्याचा बोटभर तुकडा होता. उपनयनात ब्राह्मण बटूने हरणाचे, क्षत्रियाने रुरू जातीच्या हरणाचे आणि वैश्याने बोकडाचे कातडे पांघरावे असे सूत्रात आहे, आणि त्याची आठवण म्हणून असा तुकडा दोऱ्यात ओवून जानव्यासोबत घालण्याची पद्धत आपल्याकडे पडली. परंतु १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे, आणि त्याचे कातडे बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. म्हणजे पाकिटातला तुकडा खरा असेल तर तो विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत, आणि खोटा असेल तर मुलाला पहिल्याच दिवशी खोटी वस्तू घातल्यासारखे होते. दुकानदाराला विचारले तेव्हा ‘सगळेच ठेवतात’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या गुरुजींनी पाकीट न फोडता बाजूला ठेवले आणि तुकड्याशिवाय संस्कार केला. तो अपुरा राहिला असे कोणाही जाणकाराने म्हटले नाही. विक्रेत्यांनी हे पाकीट पेटीतून काढूनच टाकावे.

पळी, पंचपात्र आणि ताम्हन यांवर ‘तांबे’ असा शिक्का आहे. मुंजीनंतर चिंचेने घासताच ताम्हनाच्या कडेला पांढरा धातू दिसू लागला, म्हणजे वर नुसता मुलामा आहे. संध्येला रोज वापरायचे भांडे असे असू नये. समिधांची जुडी पळसाची म्हणून दिली होती, ती गुरुजींच्या मते आंब्याच्या काटक्यांची निघाली; आंब्याची समिधा होमात चालते, पण तसे छापायला काय हरकत होती? बटूने अग्नीत पहिली समिधा ‘अग्नये समिधमाहार्षम्’ या मंत्राने स्वतः द्यायची असते, आणि ब्रह्मचाऱ्याचे हे काम एका दिवसाचे नसून सकाळ-संध्याकाळचे नेमाचे मानले आहे. दर्भ मात्र चांगला, लांब आणि अग्रासहित होता. तेवढे श्रेय द्यायलाच हवे.

सर्वांत गंभीर दोष पुस्तिकेत आहे, आणि गंमत म्हणजे पेटीवरील जाहिरातीत तिचाच उल्लेख सर्वांत मोठ्या अक्षरात आहे. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे आणि ध्वनिमुद्रणासाठी क्यूआर कोड असा तिचा थाट आहे. पण तिच्यात फक्त ऋग्वेदी संध्या दिली असून तसे कोठेही सांगितलेले नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात मुंज करणाऱ्या घरांपैकी काही आश्वलायन सूत्राची ऋग्वेदी, काही हिरण्यकेशी किंवा आपस्तंब सूत्राची कृष्णयजुर्वेदी आणि काही माध्यंदिन शाखेची शुक्लयजुर्वेदी आहेत, आणि त्यांच्या संध्येत आचमनापासून उपस्थानापर्यंत बराच फरक पडतो. माझ्या मेहुण्याचे घराणे माध्यंदिन. मुलाने उत्साहाने क्यूआर कोडवरून ऐकून पंधरवड्यात जे पाठ केले, त्यातला बराचसा भाग त्याला पुन्हा वेगळा शिकावा लागला. शिवाय गायत्री मंत्र स्वरचिन्हांविना छापला आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातल्या या ऋचेचा जेथे मुलाला पुढे वर्षानुवर्षे रोज जप करायचा, तेथे अनुदात्त आणि स्वरित हे उच्चारातले स्वर दाखविण्याची चार रेघांची काटकसर कशासाठी? ध्वनिमुद्रणात तर मागे बासरी आणि तबला आहे, त्यामुळे स्वर मुळी ऐकूच येत नाहीत.

येथे सूत्रकाराचा एक बारकावा सांगण्याजोगा आहे. आचार्याने सावित्री, म्हणजे गायत्री मंत्र, आधी पादापादाने (एकेका चरणाने), मग अर्ध्या ऋचेने आणि शेवटी संपूर्ण म्हणावी, आणि मुलाकडून ती ‘यथाशक्ति’ म्हणवून घ्यावी, असे आश्वलायन सांगतो. मग आचार्य मुलाच्या हृदयावर, बोटे वर करून, हात ठेवतो आणि ‘मम व्रते हृदयं ते दधामि’ म्हणतो : माझ्या व्रतात तुझे हृदय ठेवतो, माझ्या चित्तामागे तुझे चित्त असो. त्यानंतर ब्रह्मचाऱ्याला दिलेल्या सूचना तर अगदी घरगुती आहेत : पाणी पी, काम कर, दिवसा झोपू नकोस, आचार्याच्या आज्ञेत राहून वेद शीक. पुस्तिकेच्या चाळीस पानांत या सूचनांना दोन ओळी मिळालेल्या नाहीत. त्याऐवजी जानव्याचे आरोग्याला होणारे फायदे सांगणारी दोन पाने आहेत, जी कोणत्याही वैद्याने वाचू नयेत.

भिक्षेची झोळी जरीकाठी, भगवी आणि दिसायला सुरेख आहे. शिवण मात्र एकेरी, आणि ती तळाशी उसवली. सूत्रात पहिली भिक्षा नकार न देणाऱ्या व्यक्तीकडे मागावी असे आहे, म्हणून पहिला मान आईचा. आईने घातलेले तांदूळ झोळीने धरले, पण मावशीने लाडू व नारळ घालताच धागा सुटला. पूर्वी संध्याकाळी वाजतगाजत निघणारी भिक्षावळ आता कार्यालयातच उरकतात आणि तांदळाच्या जागी चॉकलेटे व पाकिटे पडतात, हे खरे. तरी नारळ अजून कोणी सोडलेला नाही, तेव्हा झोळी त्या वजनाची शिवावी.

सोडमुंजीच्या वस्तूंत एक छोटी जरीची छत्री, जोडे आणि काठी दिली आहे. ब्रह्मचर्य एका वेदासाठी बारा वर्षांचे, आणि ते संपवून घरी परतताना हे सारे घ्यायचे, असा मूळचा क्रम आहे. आपण ते बहुधा त्याच दुपारी उरकतो, बटू काशीला निघतो आणि मामा ‘मुलगी देतो’ म्हणून त्याला परत फिरवतो. (मला मुलगी नाही; मी त्याला सायकल कबूल केली.) आश्वलायनाच्या यादीत मणी, कुंडले, वस्त्राची जोडी, छत्र, जोडे, दंड, माळ, उटणे, गंध, अंजन आणि फेटा आहेत, आणि हे सारे शिष्याने स्वतःसाठी आणि आचार्यासाठीही आणावे असे स्पष्ट म्हटले आहे. पेटीत आचार्यासाठी काहीच नाही. गुरुजींसाठी चांगली छत्री आणि उपरणे वेगळे आणावे असे मी सुचवेन. पावसाळा तोंडावर असतो, छत्री वापरली जाते.

पेटीवरील सर्व चित्रे मुलांची आहेत. हारीत या धर्मसूत्रकाराने ब्रह्मवादिनी, म्हणजे वेदाध्ययनाला वाहून घेतलेल्या, स्त्रियांना उपनयन, अग्निसेवा, वेदाध्ययन आणि स्वतःच्या घरात भिक्षा सांगितलेली आहे, आणि पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत मुलींचेही उपनयन होते. त्या घरांना ही पेटी निरुपयोगी ठरेल, कारण सोवळ्यापासून मुंडावळ्यांपर्यंत एकही वस्तू त्या दृष्टीने केलेली नाही.

दुकानदाराचे वर्तन वाईट नव्हते हेही नोंदवतो. पुस्तिकेची अडचण दूरध्वनीवरून सांगितली तेव्हा त्याने वाद न घालता माध्यंदिन संध्येची एक साधी, पिवळ्या कागदाची, जुन्या छपाईची पोथी माणसाबरोबर पाठवली आणि पैसे घेतले नाहीत. तिच्यात स्वरचिन्हे होती. ती त्याच्याकडे पहिल्यापासूनच होती, फक्त पेटीत घालण्याइतकी देखणी नव्हती.

ज्यांना वेळ अजिबात नाही, किंवा जे परदेशातून येऊन आठवड्याभरात मुंज करून परत जाणार आहेत, त्यांनी ही पेटी घेण्यास हरकत नाही, मात्र घेताना आपला वेद, शाखा व सूत्र आणि मुलाची उंची सांगावी आणि जानवे, मेखला व दंड दुकानातच उघडून पाहावेत. इतरांनी अंतरपाट, सोवळे, मुंडावळ्या आणि छाटी सुट्या घ्याव्यात. अडीच-तीन हजारांत ते काम होते. जानवे वळणाऱ्याकडून, पोथी गुरुजींना विचारून, आणि पळी-पंचपात्र तांबट आळीतून वजनावर घ्यावे. झोळी घरच्या शिवणयंत्रावर दुहेरी टीप मारून शिवावी.